बंद धमनीतून जाणारी नवी गाइड वायर बनवायची आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मेकॅनिकल इंजिनीअर आहेत, सांगलीकडे त्यांचं स्वतःचं मशीन शॉप आहे, मेहुणे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रेत बघत रक्तवाहिन्यांच्या आतून उपचार करणारे डॉक्टर आहेत. पायाची धमनी पूर्ण बंद असली की गाइड वायर (आधी आत घालायची आणि जिच्यावरून बाकीची उपकरणं सरकवायची ती तार) पलीकडे जात नाही, ही मेहुण्यांची तक्रार ऐकून त्यांनी एक कल्पना काढली आहे. 0.014 इंची वायर पोकळ करायची, तिच्यातून एक बारीक तार न्यायची आणि बाहेर मूठ फिरवली की आतलं टोक हवं तिकडे वळवायचं. पेटंट आधी की नमुना आधी, आपल्या शॉपमध्ये यातलं काय बनेल, आणि एकूण या धंद्यात शिरावं का, असं त्यांना विचारायचं आहे.

मी बरीच वर्षं कॅथेटर (रक्तवाहिनीत सरकवायची बारीक नळी) आणि वायरच्याच डिझाइनमध्ये आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

कल्पना नवी नाही, हे आधीच सांगून टाकतो. टोक वळवता येणाऱ्या वायरींची पेटंटं ढिगाने आहेत, आणि अशा काही वायरी बाजारातही येऊन गेल्या. तेव्हा ‘हे कोणाला सुचलंच नसेल’ या भरवशावर राहू नका. पण म्हणून नाद सोडा, असंही मी म्हणणार नाही. या क्षेत्रात कल्पना बहुतेक जुनीच असते, शोध लागतो तो तिच्या एखाद्या सांध्यात. ताठ भाग मऊ भागाला कुठे मिळतो, धातू प्लॅस्टिकला कसा धरून ठेवतो, डॉक्टरच्या बोटांनी दिलेला पीळ टोकापर्यंत जाताना कुठे गळतो, सगळी झटापट या जागांवर असते. तुमच्या वायरीत असे सांधे कुठे कुठे आहेत, ते आधी पाहू.

0.014 इंच म्हणजे साधारण 0.36 मिलिमीटर. लांबी 180-190 सेंटिमीटर, काही कामांना 300. दिसायला नुसती तार, पण उभी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलीत तर आत बराच संसार दिसेल. मधला गाभा स्टेनलेस स्टीलचा किंवा नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या लवचीक मिश्रधातूचा. पुढच्या भागात तो टप्प्याटप्प्याने घासून निमुळता केलेला असतो, टोकाशी जेमतेम 0.05 ते 0.07 मिलिमीटर उरतो. त्यावर बारीक स्प्रिंग, आणि तिचा पुढचा दोन-तीन सेंटिमीटर भाग प्लॅटिनमचा, कारण एवढं बारीक स्टील फ्लुरोवर, म्हणजे चालू एक्स-रेच्या पडद्यावर, धड दिसत नाही. काही वायरींवर पॉलिमरचं जॅकेट, त्यावर ओलं झालं की निसरडं होणारं हायड्रोफिलिक कोटिंग. मागच्या भागावर बहुधा पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन.

गोल तारेची ताठरता, वाकण्यातलीही आणि पिळातलीही, व्यासाच्या चौथ्या घाताने बदलते हे तुम्हाला मी सांगायला नको. व्यास निम्मा केला की ताठरता सोळावा हिस्सा उरते. पण याचा कारखान्यातला अर्थ पाहा. 0.06 मिलिमीटरच्या टोकाशी घासण्यात 5 टक्के फरक पडला, म्हणजे अवघे 3 मायक्रॉन, तर ताठरता 20 टक्क्यांच्या आसपास हलते. डॉक्टरला ती लगेच कळते. ‘मागच्या बॉक्समधली वायर बरी होती’ असं कोणी म्हणालं की आम्ही आधी ग्राइंडिंगच्या नोंदी काढतो.

टोकाचा जोर ग्रॅममध्ये मोजतात. वायर उभी धरून टोक वजनकाट्यावर दाबायचं, आणि ते वाकायला किती ग्रॅम लागतात ते बघायचं. रोजच्या कामाच्या मऊ वायरी एक ग्रॅमच्या आतबाहेर असतात. पूर्ण बंद धमनीसाठीच्या, ज्यांना सगळे सीटीओ वायर म्हणतात, त्या 3 ग्रॅमपासून 12, 20 ग्रॅमपर्यंत जातात.

आता तुमच्या आतल्या तारेकडे येऊ. 0.36 मिलिमीटरच्या नळीत भिंतीची जाडी सोडली की साधारण 0.2 मिलिमीटरचं भोक हाती लागेल. त्यातून 0.1 मिलिमीटरची तार दीड-पावणेदोन मीटर ओढायची आहे. सायकलच्या ब्रेकची केबल जितकी वळणं घेते तितकी जड होते, तेच इथे होतं, फक्त हिशेब जास्त निर्दयी आहे. समजा उजव्या मांडीतून शिरून, महाधमनीच्या दुभाजकावरून पलटून डाव्या पायात उतरलात आणि सगळी वळणं मिळून 360 अंश झाली. घर्षणांक 0.1 असेल तर टोकाशी जेवढा ओढा हवा त्याच्या 1.9 पट मुठीशी द्यावा लागेल. घर्षणांक 0.3 झाला, आणि रक्त सुकू लागलं की तो होतो, तर साडेसहा पट. त्या जोराने 0.1 मिलिमीटरची तार ताणते. मूठ फिरते, टोक हलत नाही. मग घर्षण एकदम सुटतं आणि टोक उडी मारतं. धमनीत उडी मारणारं टोक कोणालाच नको असतं.

दुसरी अडचण याहून मूळची आहे. वळणारं टोक मऊ लागतं आणि बंद धमनीच्या तोंडाशी असलेल्या तंतुमय टोपणात घुसणारं टोक ताठ लागतं. मोकळ्या पोकळीत टोक छान वळेल, मेजावरच्या काचेच्या नळीत तर बघणारे टाळ्याही वाजवतील. टोपणाच्या आत शिरल्यावर मात्र त्याला वळायला जागाच नसते. तिथे ते आजूबाजूच्या पेशीजालाला बाजूला रेटू शकलं तरच वळेल, आणि तेवढा जोर तुमच्या तारेत उरलेला नाही.

तरीही समजा, हे सगळं तुम्ही जमवलंत. मग तुमची स्पर्धा कोणाशी आहे? दुसऱ्या महागड्या वायरीशी नाही. ती आहे साध्या 0.035 इंची निसरड्या वायरीच्या वेढ्याशी. 1987 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर इथे अमन बोलिया गुडघ्यामागच्या धमनीवर काम करत असताना वायर चुकून भिंतीच्या थरांमध्ये शिरली, पुढे पुन्हा मूळ पोकळीत आली, आणि तोच मार्ग बलूनने रुंद केल्यावर रक्त वाहू लागलं. त्यातून सबइंटिमल अँजिओप्लास्टीची रीत रूढ झाली. आज पायाच्या लांबलचक अडथळ्यात कितीतरी डॉक्टर वायरीचं टोक दुमडून वेढा करतात आणि तो भिंतीच्या थरांतून सरळ खाली ढकलतात. टोपणाच्या मधोमध अचूक नेम धरायचा तिथे प्रश्नच येत नाही. मेहुण्यांना विचारा, दहा केसेसपैकी किती वेळा ते नेम धरतात आणि किती वेळा वेढा घालतात. तुमच्या वायरीची खरी गरज किती, ते त्या उत्तरावरून कळेल.

अडतं ते नंतर. थरांमध्ये गेलेली वायर खाली मूळ पोकळीत परत येत नाही. त्यासाठी रीएंट्री कॅथेटरं निघाली आहेत. आउटबॅकमध्ये बाजूने वाकडी सुई बाहेर येते, पायोनियरमध्ये सुईबरोबर अल्ट्रासाउंडही बसवलेला आहे. ही उपकरणं सहा फ्रेंचच्या शीथमधून (धमनीत शिरण्यासाठी बसवलेल्या नळीतून) जाणारी. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा एक तृतीयांश, म्हणजे सहा फ्रेंच झाले 2 मिलिमीटर. मांडीच्या धमनीत चालून जातं. गुडघ्याखालच्या धमन्याच मुळात 2-3 मिलिमीटरच्या असतात, आणि आपल्याकडच्या मधुमेही रुग्णांचा आजार बऱ्याचदा नेमका तिथे असतो, भिंतीत चुना साचलेला. म्हणून मग घोट्याजवळून किंवा पावलावरून सुई टोचून उलट दिशेने वर यायचं, ही खटपट.

मी तुमच्या जागी असतो तर वळवण्याचं काम वायरीकडून काढून घेऊन तिच्यावर चढवून तिला आधार देणाऱ्या सपोर्ट कॅथेटरकडे दिलं असतं. तिथे भिंतीत जागा मिळते, वायर साधी राहते, घसरली तर बदलता येते. आणि लक्ष्य गुडघ्याखाली ठेवलं असतं. यालाही कुठे ना कुठे पेटंट असणारच, पण तिथे हालचालीला वाव आहे.

हे ठरवण्याआधी कॅथलॅबमध्ये जाऊन उभे राहा. लेड ॲप्रन घाला, कंट्रोल रूममधून नको, आत, टेबलाच्या पायथ्याशी. आणि स्क्रीनकडे कमी, हातांकडे जास्त बघा. डॉक्टर तोंडाने सांगतात ती अडचण आणि हात दाखवतात ती अडचण यांत फरक असतो. एकदा एक ज्येष्ठ डॉक्टर मला सारखे सांगत होते की वायर आणखी ताठ हवी. त्यांचे हात बघत होतो. वायर वाकली की ते नवी मागायचे नाहीत, डाव्या हाताने मायक्रोकॅथेटर (वायरीवरून जाणारी बारीक नळी) टोकाच्या अगदी जवळ आणायचे, चार-पाच मिलिमीटर वायर बाहेर ठेवायचे आणि मग तीच वायर आत घुसायची. स्तंभाच्या बकलिंगचं साधं सूत्र आहे: बाहेर राहिलेली लांबी चौपट कमी केली की वायर सोळापट जास्त जोर सहन करते. 20 मिलिमीटर बाहेर असताना जी वायर लटकते, ती 5 मिलिमीटरवर सुईसारखी वागते. त्यांना ताठ वायर नकोच होती. मायक्रोकॅथेटर जागेवरून मागे सरकू नये, एवढंच हवं होतं. त्या दिवसानंतर आमच्या कामाची दिशा बदलली आणि वायरीऐवजी कॅथेटरच्या पकडीवर काम सुरू झालं.

जुन्या लोकांनी काय केलं ते पाहिलंत तर हेच दिसतं. स्टॉकहोमचे रेडिओलॉजिस्ट सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये जी पद्धत छापली तिच्यात सुई, वायर, कॅथेटर तिन्ही आधीपासून होतीच. त्यांनी क्रम लावला: सुई आत, सुईतून वायर, सुई बाहेर, वायरीवरून कॅथेटर. तोवर कॅथेटर घालायचं तर त्याच्याहून जाड सुई टोचावी लागे किंवा धमनी कापून उघडी करावी लागे. आज जगातली जवळजवळ प्रत्येक अँजिओग्राफी त्या क्रमाने सुरू होते.

अमेरिकन सर्जन फोगार्टींची गोष्ट तर तुमच्यासारख्या हाताने काम करणाऱ्याला आवडेल. सिनसिनाटीत शिकत असताना त्यांना धमनीतली रक्ताची गुठळी ओढून काढण्यासाठी बलून हवा होता. मूत्रवाहिनीचं कॅथेटर घेतलं, सर्जिकल ग्लोव्हच्या करंगळीचं टोक कापलं. अडलं कुठे, तर लॅटेक्स विनाइलला चिकटेना, डिंक धरेना. त्यांना मासेमारीचा छंद होता, गळाला लावायच्या नकली माशा दोऱ्याने बांधायची सवय होती. त्याच गाठीने त्यांनी बलून कॅथेटरवर बांधला. 1961 मध्ये तो पहिल्यांदा रुग्णावर वापरला गेला. त्या बलूनचा सगळा शोध त्या गाठीत होता.

अमेरिकेतल्या पोर्टलंडचे रेडिओलॉजिस्ट चार्ल्स डॉटर यांनी 16 जानेवारी 1964 रोजी 82 वर्षांच्या एका बाईंच्या मांडीची चिंचोळी धमनी, आधी वायर आणि तिच्यावरून एकात एक बसणारी कॅथेटरं घालून रुंद केली. पाऊल सडायला लागलं होतं, त्या पाय कापू द्यायला तयार नव्हत्या. पाऊल वाचलं. हेच डॉटर गिटारच्या तारा आणि गाडीच्या स्पीडोमीटरची केबल वापरून वायरी बनवत. झुरिकला ग्रुंटझिग यांनी बलून घरच्या स्वयंपाकघरात घडवले आणि 16 सप्टेंबर 1977 रोजी पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली. पण त्यांच्या बलूनच्या पुढे छोटी वायर पक्की जोडलेली होती, ती वेगळी फिरवता येत नव्हती, त्यामुळे वाकड्यातिकड्या धमनीत शिरणं अवघड. जॉन सिम्पसन यांनी 1982 मध्ये छापलेल्या व्यवस्थेत वायर बलूनमधून मोकळी सरकू लागली, फिरू लागली. पुढे बलूनच्या फक्त पुढच्या थोड्या भागातून वायर जाईल अशी रॅपिड एक्स्चेंजची रचना आली. 300 सेंटिमीटरच्या वायरीची आणि ती सांभाळायला लागणाऱ्या दुसऱ्या माणसाची गरज संपली. त्या एका छोट्या भोकाच्या जागेवरून कंपन्यांमध्ये वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले.

स्वयंपाकघरातला तो काळ आता नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. मूठ आणि जिगपर्यंत घरगुती चालेल. रुग्णाच्या रक्ताला लागणारा एकही भाग घरगुती चालणार नाही.

तुमच्या शॉपमध्ये काय बनेल? वायरीचा गाभा लेथवर होणार नाही. त्याला सेंटरलेस ग्राइंडर लागतो, आणि त्यातही निमुळता उतार घासणारा. नायटिनॉल तर हत्यार खातो. स्टीलची पातळ नळी लेझरने चिरून लवचीक करणं, प्लॅटिनमची स्प्रिंग, हायड्रोफिलिक कोटिंग, ही कामं बाहेरून करून घ्या. यातला बराच माल परदेशातून येतो आणि पुरवठादार थोड्या मालाच्या मागणीला दाद देत नाहीत. हीच पहिल्या वर्षाची खरी जिकिर. तुमच्या शॉपची ताकद आहे मँड्रेल (जिच्याभोवती नळी घडवतात ती आतली तार), मोल्ड, मूठ, हब (नळीच्या मागच्या टोकाचा जोड) आणि चाचणीची यंत्रं. चाचणीचं यंत्र चांगलं असेल तर निम्मं काम झालं, आणि ते विकत घेण्यापेक्षा तुम्ही बनवलेलं सरस ठरेल.

कॅथेटरची नळी कशी घडते ते एकदा डोळ्यांनी बघाच. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या मँड्रेलवर पीटीएफईचा पातळ लायनर बसवतात. लायनरची बाहेरची बाजू रसायनाने खरखरीत केलेली लागते, नाहीतर पीटीएफईला काहीच धरत नाही. त्यावर ब्रेडिंग मशीन चपट्या स्टीलच्या तारांची वीण घालतं. विणीवर पीबॅक्स या प्लॅस्टिकच्या नळ्या, कडक ते मऊ, एकापुढे एक ओवायच्या: मागे 72 शोअर डी (हे कडकपणाचं माप), मग 63, 55, 40, टोकाला 35. सगळ्यावर एफईपी या दुसऱ्या प्लॅस्टिकची, उष्णतेने आकसणारी नळी चढवायची आणि गरम हवेखालून सावकाश न्यायचं. पीबॅक्स वितळून विणीच्या जाळीतून खाली लायनरपर्यंत उतरतं. निवल्यावर एफईपी सोलून काढतात. मँड्रेल सोडवायची युक्ती मला अजूनही आवडते. तांबं दोन्ही टोकांनी ताणायचं. ते लांबतं, तेवढंच बारीक होतं आणि नळी मोकळी होते.

नव्या माणसाची नळी पहिल्याच चाचणीत मोडते, आणि बहुधा ठरलेल्या जागी. 55 वरून एकदम 35 वर आलात की त्या जोडाच्या मऊ बाजूला, दोन-तीन मिलिमीटरवर घडी पडते. मधला टप्पा घाला, नळ्या सरळ न कापता तिरक्या कापून एकमेकींत घुसवा. आणि मुख्य म्हणजे सगळे बदल एका ठिकाणी आणू नका. प्लॅस्टिकचा जोड एकीकडे, विणीची घनता बदलते ती जागा वेगळीकडे, एक्स-रेत दिसणारी कडी, म्हणजे मार्कर बँड, तिसरीकडे. चित्रात हे फार गबाळं दिसतं. ड्रॉइंग सुबक दिसावं म्हणून इंजिनीअर सगळ्या रेषा एकाखाली एक आणतो आणि नेमकी तिथे नळी मोडते.

चाचणी 37 अंशांच्या पाण्यातच करा. नायटिनॉल थंडीत वेगळं वागतं, पीबॅक्स गरम झालं की मऊ पडतं, हायड्रोफिलिक कोटिंगला पाणीच लागतं. ॲक्रिलिकच्या पाटावर धमनीचा मार्ग कोरा, वर झाकण ठेवा, पंप जोडा. मागे 30 अंश फिरवलं की पुढे किती अंश फिरतं ते मोजा आणि आलेख काढा. सरळ रेष मिळाली पाहिजे. पायऱ्या दिसल्या तर तीच ती उडी. बंद टोपणासाठी प्लॅस्टर ऑफ पॅरिस आणि जिलेटिनचे वेगवेगळ्या प्रमाणातले ठोकळे करा, पण डॉक्टरांना घुसवून बघायला लावा आणि ‘हा खरा वाटतो’ असं ज्याला म्हणतील तोच धरा. निकाल दुसऱ्या वायरीशी तुलना करूनच मांडा, एकट्या आकड्याला कोणी विचारत नाही.

कागदावरच्या मोजमापांसाठी आयएसओ 10555 कॅथेटरना आणि 11070 गाइड वायरींना लागू आहे. जैवसुसंगततेला 10993. ही मानकं विकत घ्या, कोणाची झेरॉक्स वापरू नका, आवृत्त्या बदलतात. निर्जंतुकीकरण इथिलीन ऑक्साइड (ईटीओ) वायूने होईल असं धरून चाला, कारण गॅमा किरणांनी आतला पीटीएफई ठिसूळ होतो. आणि ईटीओनंतर कोटिंग पुन्हा तपासा, ओलावा आणि उष्णता त्याला मानवतेच असं नाही. कोटिंगचे कण सुटून रक्तात जाणं हा खरा धोका आहे, अमेरिकेच्या एफडीएने 2015 मध्ये त्यावर जाहीर सूचना काढली होती. पोकळ वायरीचा आणखी एक वांधा म्हणजे आतल्या फटीत शिरलेलं रक्त धुऊन निघत नाही. एकदाच वापरायचं उपकरण पुन्हा धुऊन वापरण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, तेव्हा दुसऱ्यांदा वापरताच येणार नाही अशीच रचना करा.

डुकरावरच्या चाचणीला वेगळी परवानगी आणि बराच पैसा लागतो, आणि निरोगी डुकराच्या धमनीत तुमचा अडथळाच नसतो. तिथे सुरक्षितता दिसते, उपयोग दिसत नाही. गुंतवणूकदाराला ‘प्राण्यात यशस्वी’ असं सांगायला ती बरी, एवढंच.

पेटंटचं उत्तर आता सोपं आहे. तोंड उघडण्याआधी अर्ज. भारतात आधी जाहीर करून मग अर्ज केला तर नावीन्य गेलं, सवलती आहेत त्या फार अरुंद. मेहुण्यांनी परिषदेत स्लाइड दाखवली किंवा तुम्ही व्हॉट्सॲपवर फोटो फिरवला तरी गोत्यात याल. प्रोव्हिजनल अर्ज स्वस्तात होतो, त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. ते महिने नमुन्यासाठी वापरा, म्हणजे अर्ज आणि नमुना दोन्ही हातात हात घालून चालतात. पण अर्ज तुमच्या मूठ-तार-टोक या मोठ्या कल्पनेवर करू नका, तो टिकणार नाही. ज्या सांध्यात तुम्ही काही वेगळं केलं असेल त्यावर करा. उपचाराच्या रीतीला भारतात पेटंट मिळत नाही, कायद्याचं कलम 3(आय) तिच्या आड येतं, म्हणून दावे उपकरणाच्या रचनेवर बांधून घ्या. पेटंट मिळालं म्हणजे विकायची मोकळीक मिळाली, असंही नाही. दुसऱ्याचं जिवंत पेटंट तुमच्या उपकरणाच्या एखाद्या भागावर असू शकतं. ज्यांची 20 वर्षं उलटली ती पेटंटं मात्र फुकटची शाळा आहे. एका महिन्यात अशी शंभरेक वाचून काढा. कोण कुठे अडलं ते त्यांच्या ‘पार्श्वभूमी’ या परिच्छेदात स्वच्छ लिहिलेलं असतं.

परवानग्यांचं म्हणाल तर वैद्यकीय उपकरण नियम 2017 लागू आहेत. अ, ब, क, ड असे धोक्यानुसार वर्ग. हृदयाशी आणि मध्यवर्ती रक्ताभिसरणाशी थेट संबंध आला की सर्वात वरचा ड वर्ग. क आणि ड केंद्राच्या म्हणजे सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामक संस्थेच्या अखत्यारीत. पायापुरतं उपकरण असलं तरी वर्ग स्वतः ठरवू नका, लेखी विचारून घ्या. नुसत्या चाचणीसाठी नमुने बनवायलाही परवाना लागतो, एमडी-12 हा अर्ज भरून एमडी-13 हा परवाना घ्यायचा. माणसावरच्या अभ्यासाची परवानगी त्यानंतर आणि वेगळी. आयएसओ 13485 ची गुणवत्ता व्यवस्था पहिल्या दिवसापासून लिहायला लागा. नंतर मागच्या तारखा आठवत बसणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

धंद्यात शिरावं का? एकट्याच्या शॉपवर पूर्ण उपकरण बाजारात न्यायचं स्वप्न बघू नका. आयआयटी मुंबईचं बेटिक याच कामासाठी उभं राहिलेलं केंद्र आहे, डॉक्टर आणि इंजिनीअर यांना एकत्र बसवतं. पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातलं व्हेंचर सेंटर आहे. तिथे जा, दुसऱ्यांचे फसलेले नमुने हातात घेऊन बघा. किमतीचा विचारही आत्ताच करा. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने साध्या स्टेंटला 7,260 आणि औषधी लेपाच्या स्टेंटला 29,600 रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. ती वायरीवर नव्हती, पण तेव्हापासून हॉस्पिटलचा खरेदी विभाग प्रत्येक वस्तूकडे त्याच नजरेने बघतो. वायर कितीही हुशार असली तरी साध्या वायरीच्या चौपट भावाला ती फक्त परदेशात विकली जाईल.

शेवटचं, मेहुण्यांबद्दल. नात्यात लेखी करायला संकोच वाटतो, पण आत्ता करा. कल्पनेत त्यांचा वाटा असेल तर पेटंटमध्ये शोधक म्हणून त्यांचं नाव गेलंच पाहिजे, नसेल तर जाऊ नये. आदरापोटी घातलेलं नाव पुढे पेटंट अडचणीत आणू शकतं. ते नोकरीत असतील तर त्यांच्या हॉस्पिटलच्या करारात बौद्धिक संपदेचं कलम काय म्हणतं ते आधी वाचून घ्या. आणि माणसांवरची पहिली चाचणी होईल तेव्हा प्रमुख तपासनीस दुसराच कोणी डॉक्टर नेमा, मेहुण्यांचा आर्थिक संबंध नैतिक समितीला लेखी कळवून. आपलंच उपकरण आपल्याच हाताने घातलं आणि निकाल चांगला आला, तर त्या निकालावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि वाईट आला तर घरात बोलायची सोय राहत नाही.